दोन ओळखींची अट

आमच्या ‘सोबत’ मंडळात कुणाला घ्यायचं तर जुन्या दोन सभासदांनी त्याची ओळख द्यायची, ही अट माझीच. आठ वर्षांपूर्वी मी ती मोठ्या रुबाबात लिहिली. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं की माणसाला अटी घालायची सवय लागते. सरकारी दवाखान्याच्या दारात आमचं एक टेबल असतं. बाहेरगावाहून आलेल्या पेशंटला पर्चा, म्हणजे केसपेपर, कुठे काढायचा, रक्त कुठे तपासायचं हे सांगायचं आणि घाबरलेल्या माणसाला थेट खोलीपर्यंत पोचवायचं, एवढंच आमचं काम. पण ते आम्ही चोख करायचो. नुसतं बोट दाखवणं मी कुणाचंच खपवून घेतलं नाही.

अटीमुळे झालं असं की मंडळात सगळे माझ्याच राइट टाउन वस्तीतले, सगळे निवृत्त, आणि सगळे एकदमच म्हातारे झाले. कुणी मुलाकडे पुण्याला गेलं, कुणाचे गुडघे गेले. उरलो तिघं: मी, क्षमा आणि श्रीकांत. त्यातच नवे अधीक्षक आले. पुढच्या एक तारखेपासून सोमवार ते शनिवार, आठ ते दोन टेबलावर माणूस दिसला तर टेबल राहील, नाहीतर तिथे टोकनचं मशीन बसेल, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्त राग आला. टेबल मी जाऊ देणार नव्हते. कसं वाचवायचं ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, मनगट मोडलेल्या एका म्हाताऱ्याला मी हाताला धरून जुन्या इमारतीचा जिना चढवला. वर खोलीला कुलूप. खाली आलो तर एका बाईनं वाट अडवली.

"ताई, बाबाला इकडे काहून आणलं? हड्डीवाली ओपीडी कालपासून मागच्या बिल्डिंगमध्ये गेली ना."

असं म्हणून तिनं म्हाताऱ्याचा चांगला हात धरला आणि चालायला लागली. मी मागोमाग. वाटेत तिनं आणखी एकीला औषधाची खिडकी दाखवली. मला चूक दाखवलेली आवडत नाही, आणि तीही अशी भर जिन्याखाली. पण चूक होती.

तिचं नाव कुसुमबाई. पनागरला भाजीची शेती. नवरा डोमाजी दोन वर्षांपासून डायलिसिसवर, दर मंगळवारी आणि शुक्रवारी.

"चार घंटे ते मशीनवर राहतात," ती म्हणाली. "मी नुसती बसून काय करू? सांगून राहते लोकायले."

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. डायलिसिसचे पेशंट तीन गटांत येतात: सोमवार-गुरुवार, मंगळवार-शुक्रवार, बुधवार-शनिवार. आठवडा पुरा. त्यांच्यासोबत येणारी माणसं ऊन असो, पाऊस असो, येतातच, आणि इमारतीचा कोपरा न् कोपरा त्यांना पाठ असतो. आठ वर्षं अशी माणसं माझ्यासमोर बाकावर बसून होती आणि मी सभासद शोधत होते राइट टाउनमध्ये. स्वतःची लाज वाटली.

मंडळाच्या बैठकीत मी या माणसांना घ्यायचं सुचवलं. श्रीकांत म्हणाला, "पण त्यांना आपल्यात ओळखतं कोण?"

"दवाखान्यात येणाऱ्यांपैकी आपण कुणाला ओळखतो?" मी विचारलं. क्षमा हसली. अट मी माझ्याच पेनानं खोडली.

कुसुमबाईची मात्र समजूत घालावी लागली. "काम तर करूनच राहिले ना, मग टेबल कशाला पाहिजे?"

"कुणाला विचारायचं ते नव्या माणसाला कळायला नको?"

तिला ते पटलं. मग ती म्हणाली, "अच्छा, पण एकटी नाही येणार. बाकीच्यांनाही घ्या." आणि पुढच्या आठवड्यात पाच जणांना घेऊन आली. त्यात शहपुऱ्याचा आनंद होता, त्याची आई सोमवार-गुरुवारच्या गटात. मी त्यांना शिकवायला बसले आणि निम्मा वेळ मीच शिकत राहिले.

एक तारीख शुक्रवारी आली. साडेआठला अधीक्षक आले आणि परीक्षा घ्यावी तसं त्यांनी विचारलं, "सोनोग्राफी कहाँ होती है?"

कुसुमबाईनं मान वर न करता उलट विचारलं, "पेशंट कुठाय? काही खाऊन तर नाही ना आला?" मग वर पाहिलं आणि तेच हिंदीत विचारलं. हा प्रश्न मला आठ वर्षांत सुचला नव्हता. अधीक्षक हसले, म्हणाले, मशीन आता पर्च्याच्या खिडकीपाशी बसवू, टेबल राहू द्या.

मी टेबलाशेजारी उभी होते. दोन्ही खुर्च्यांवर माणसं होती.

"इंदिराताई, तुम्ही घरी जा आता," कुसुमबाई म्हणाली.

"मी थकले नाहीये."

"थकल्या नाही, पण आज काम पण नाही ना तुमचं. आम्ही आहो."

पेशंटला सांगावं तसं तिनं ते सांगितलं, सरळ आणि मायेनं. मी पर्स उचलली. टेबल टिकलं होतं, आणि माझ्यावाचून टिकलं होतं. त्यासाठीच तर मी महिनाभर जिवाचा आटापिटा केला होता. तरी ऑटोत बसल्यावर मला रडू आलं.

ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं. "अंदर कोई सीरियस है क्या, अम्मा?"

"नहीं भैया," मी डोळे पुसत म्हटलं. "अब सब ठीक है."