चौकटीला टेकलेला खांब

मी खांब बोलतोय. पुलाचा नाही, इमारतीचाही नाही. प्रयोगशाळेतल्या पाण्यात उभा असलेला, अंगठ्याएवढा जाड, पितळेचा. तरी माझ्या मागे असे भोवरे उठत की त्यात जहाज बुडालं असतं. कागदाचं का होईना, पण बुडालं असतं.

काचेच्या लांब पेटीतून पाणी दिवसभर माझ्या अंगावर येई आणि मला मागे खेचत राही. ती खेच डोक्यावरचा सेन्सर मोजायचा. खेच कमी व्हावी म्हणून प्रयोग करणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीशी दोन बारीक दांड्या बसवल्या. त्या कशा फिरवायच्या, ते संगणकातला प्रोग्राम चुकतमाकत आपलं आपण शिकायचा. आकडा उतरला की त्याला गुण. बाई त्याला 'बाळ' म्हणत.

बाळानं मला पुष्कळ छळलं. मग एका दुपारी आकडा घसरला तो पार तळाला.

"सर, पास झालं हो बाळ," बाई म्हणाल्या.

"वेळेवर झालं," सर म्हणाले. "उद्या तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांना हे दाखवलं की ही खोली आपल्याकडे राहते. नाहीतर गुंडाळा गाशा."

मला मात्र काहीच वाटेना. बाळ दोन्ही दांड्या एकाच दिशेनं भणाभणा फिरवत होतं. त्या रेट्यानं मी कलून वरच्या लोखंडी चौकटीला टेकलो होतो. पाणी तेवढंच खेचत होतं, पण भार चौकट सोसत होती. सेन्सरला खेचेचा पत्ता नाही, मलाही नाही.

फोटोसाठी म्हणून बाईंनी पाण्यात शाई सोडली. भोवरे होते तेवढेच, म्हणजे खेचही तेवढीच. त्यांनी वाकून पाहिलं, तर मी चौकटीला टेकलेला.

"सर, यानं कॉपी केलीय. पेपरच मी तसा काढला. गुण नुसत्या आकड्याला ठेवले."

"उद्या शाई सोडू नकोस, म्हणजे झालं."

"सोडणार, सर."

"मग खोली गेली समज."

"समजलं."

सोडली त्यांनी. पाहुण्यांनी माना हलवल्या, चहा घेतला, गेले. पाठोपाठ खोलीही गेली.

आता पेटी कोरडी आहे. अंगावर पाण्याचे पांढरे डाग आहेत. आवराआवरीत मला सरळ करायचं राहून गेलं. अजून टेकलेलाच आहे. दुःख म्हणाल तर तसं काही नाही.

कुणी पुन्हा पाणी सोडलंच, तर आधी मला बोटानं ढकलून बघा. आकडा हलला नाही, तर मी बरा आहे असं समजू नका.