ज्योतीची सावली

"पडती की!"

बेसिनपाशी बीकर पुसत उभ्या असलेल्या सत्यभामाबाई बोलल्या आणि सातवी 'ब'च्या सगळ्या माना माझ्यावरून त्यांच्याकडे वळल्या.

प्रश्न वैष्णवीचा होता. "मॅडम, ज्योतीची सावली पडते का?" बोनकोड्याची ही पोरगी रोज एक तरी वाकडा प्रश्न घेऊन येतेच. मी प्रयोगशाळेच्या फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहून टाकलं, 'ज्योतीची सावली पडत नाही.' जे स्वतःच प्रकाश देतं त्याची सावली कशी पडेल, सांगा बघू? मी फिजिक्समध्ये एम.एस्सी., कोपरखैरण्याच्या याच शाळेत चौदा वर्षं शिकवतेय. आणि माझ्या उत्तरावर शाळेची शिपाईबाई म्हणते, पडती की!

"सत्यभामाबाई, तुम्ही बीकर पुसा."

"पुसतीया की. पर सावली पडती, गीतांजलीमॅडम. मी रोज बगती, देवाम्होरं."

वर्ग हसला. त्यांना हसला की मला, देव जाणे. मला मात्र अशा मिरच्या झोंबल्या की मधल्या सुट्टीची घंटा होताच मी तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. "जयमालामॅडम, बाई मुलांसमोर काहीही चुकीचं सांगतात. लॅबमध्ये जरा शिकलेलं माणूस हवं."

जयमालामॅडमनी फाईलमधून मानही वर केली नाही. "तसंही गेटवर माणूस कमी आहे. सोमवारपासून त्यांना तिकडे देते. लॅबची किल्ली तुम्ही ताब्यात घ्या."

इतकं काही मला नको होतं. पण "अहो, एवढं नको," असं म्हणायला जीभ रेटली नाही, हेही तितकंच खरं. उलट आतून थोडं बरंच वाटलं. लाज वाटते सांगताना, पण वाटलं.

सत्यभामाबाई मूळच्या साताऱ्याकडच्या, पाटण तालुक्यातल्या. नवरा हौसेराव वाशीच्या मार्केटात कांद्याबटाट्याच्या गोणी वाहतो. बाईंचं शिक्षण चौथी. बावीस वर्षांपूर्वी झाडू मारायला म्हणून प्रयोगशाळेत आल्या त्या तिथल्याच झाल्या. कुठली बाटली कुठल्या फळीवर, कुठल्या परीक्षानळीला तडा गेलाय, सगळं त्यांना पाठ. बावीस वर्षांत एका पोराचं बोट भाजलं नाही. प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेली असायची, आणि ती गाठ त्या घरी जाईपर्यंत सोडायच्या नाहीत.

मला वाटलं, आता रडारड होणार. बदलीचं कळल्यावर बाई आल्या आणि माझ्या टेबलापुढे सरळ उभ्या राहिल्या.

"गेटवर हुबं ऱ्हायचं मला वावडं न्हाय, मॅडम. काम त्ये काम. पर खोटं सांगती म्हून बाईला काडलं, असं पोरं म्हनत्याल. त्ये मला सोसायचं न्हाय. शनिवारी येकदा दावू द्या. न्हाय पडली सावली, तर किल्ली मीच टेबलावर ठिवीन."

"दाखवा," मी म्हटलं. मला काय, हात दाखवून अवलक्षण तुमचंच.

शनिवारी सकाळची शाळा. साडेआठच्या सुमाराला समोरच्या दोन सोसायट्यांच्या मधून ऊन थेट आमच्या खिडकीत येतं आणि अर्धा तास टेबलावर मुक्काम करतं. त्या वेळेला बाईंनी सातवी 'ब'ला बोलावलं. जयमालामॅडमही आल्या, त्या पोरांच्या मागे हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. फळ्यावरचं माझं वाक्य तसंच होतं. मीच कुणाला पुसू दिलं नव्हतं.

बाईंनी खिडकीपाशी पांढरा पुठ्ठा उभा केला. त्याच्यापुढे वीतभर अंतरावर स्पिरिटचा दिवा ठेवून पेटवला आणि बाजूला झाल्या.

पुठ्ठ्यावर दिव्याच्या बाटलीची सावली पडली, वातीच्या नळीचीही पडली. ज्योतीच्या जागी मात्र काही नाही! नळीच्या वर नुसती गरम हवा थरथरत होती.

"कुठंय सावली?" मागून एक जण ओरडला आणि हशा पिकला. वैष्णवी तेवढी हसली नाही. ती पुठ्ठ्याला नाक लावून शोधतच होती.

बाईंनी दिवा पुढे सरकवला, मागे घेतला. कपाळावर घाम आला. "घरी तर पडती," त्या पुटपुटल्या. "रोज पडती वं."

"बाई, दर वेळेला डोळ्यांवर विश्वास ठेवून चालत नाही," मी म्हणाले. किती गोड आवाजात म्हणाले मी ते!

बाईंनी पदराची गाठ सोडायला घेतली. बावीस वर्षं रोज मारत आलेली गाठ, आज लवकर सुटेना. दातांनी सोडवली. किल्ली टेबलावर ठेवली आणि सवयीने दिव्यावर टोपण घालायला हात पुढे केला. तो तसाच थांबला.

"ह्ये दिवं किती वरसं धुती मी," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. "पर ह्येंच्यावर ठिवलेलं भांडं कदी काळं झालं न्हाय."

त्यांनी झटकन चिनीमातीची एक पांढरी बशी घेतली आणि ज्योतीवर धरली. क्षणभराने उलटून सगळ्यांना दाखवली. स्वच्छ!

"मॅडम, ह्यात काजळच न्हाय!"

"काय नाही?"

"काजळ वं! घरी मी तेलाची वात लावती. नातवंडास्नी काजळ धरती त्याच वातीवर. हितं आपला नेम, परयोगाला फकस्त स्पिरिटचा दिवा. मी मेली नेमच पाळीत बसली!"

कोपऱ्यात सरस्वतीच्या तसबिरीपुढे एक पणती असते. बाईंनी ती उचलली, शेजारच्या बाटलीतलं तेल घातलं, वात बोटाने पुढे ओढली आणि पेटवली. तीच बशी वर धरली. बघता बघता बशीला काळा गोल डाग पडला. तो पुसून बघताना बाईंची बोटं काळीभोर झाली. त्याच हातांनी त्यांनी पणती पुठ्ठ्यापुढे उन्हात ठेवली.

"आली!" वैष्णवी किंचाळली. "आली, आली! मॅडम, हलतेय बघा!"

पोरं बाकांवर चढली. मी पुढे झाले. पुठ्ठ्यावर पणतीची सावली, वातीची सावली आणि त्या वातीच्या टोकावर, पिंपळाच्या कोवळ्या पानाएवढी, करड्या रंगाची ज्योतीची सावली. ज्योत डुलली की तीही डुलत होती.

माझा विश्वास बसेना. मी पणती फिरवली, पुठ्ठा पालथा घातला, शेवटी वात विझवून बघितली. सावली गेली. पुन्हा लावली, पुन्हा आली. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पिवळी ज्योत म्हणजे तापून चमकणारे काजळीचे कण. चमकतात म्हणून काय झालं, कण ते कणच! सूर्याचा उजेड त्यांच्यापुढे कितीतरी जास्त. त्यातला थोडा ते अडवणारच. स्पिरिट जळताना काजळी धरत नाही, म्हणून तिथे अडवायला कुणी नाही. हे सगळं मी तुकड्या तुकड्याने शिकवत आले होते. जोडून कधी बघितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"म्हंजी काजळाची सावली ती," बाई म्हणाल्या. "पर ज्योतीतलंच काजळ त्ये. मंग ज्योतीचीच झाली का न्हाय?"

"झाली!" सगळा वर्ग ओरडला.

मी फळ्याकडे गेले आणि 'नाही' हा शब्द पुसला. 'पडत'च्या जागी 'पडते' केलं. "मुलांनो, वहीत दुरुस्त करा. मी चुकले होते. सत्यभामाबाईंचं बरोबर होतं. त्यांनी स्वतः बघितलं होतं आणि मी बघितलंच नव्हतं." चौदा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. आणि गंमत बघा, बोलल्यावर छाती कशी मोकळी झाली!

टाळ्यांनी खिडकीची तावदानं वाजली. मागचे दोघं बाकही बडवत होते. बाई पदराने तोंड झाकून हसत होत्या, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

जयमालामॅडम चष्मा काढून पुठ्ठ्यावर वाकल्या होत्या. बराच वेळ बघून त्या ताठ झाल्या. "गेटवर मी दुसरं कुणी बघते," त्या म्हणाल्या. "आणि बाई, सोमवारी हे आठवीलाही दाखवा."

"व्हय, मॅडम. तेल तेवडं मागवा," बाई म्हणाल्या.

मी टेबलावरची किल्ली उचलली आणि त्यांच्यापुढे धरली.

"ऱ्हाऊ द्या थितंच," त्या म्हणाल्या. "हात काळं हायेत माजं. पातळ खराब हुईल."

त्यांनी दोन्ही हात वर धरले होते. मी त्यांच्या पदराचं टोक घेतलं, किल्ली त्यात ठेवली आणि घट्ट गाठ मारली. गाठ नीट बसलीय का ते त्यांनी वाकून बघितलं, "आनि येक मारा," म्हणाल्या. मी आणखी एक मारली. मग त्या बशी धुवायला बेसिनकडे गेल्या.