खानावळवाल्याला मारू नये

राक्षस कात्रीने कापू नयेत, पोलादी पट्टी दाबून धरावी आणि धारदार पात्याने कापावेत, हे ज्ञान मला साठी उलटल्यावर झालं. त्याआधी मी गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांची पोटं भरत होते आणि माझा नवरा लायनेल यॉर्कशरभर शिड्या चढून पबच्या पाट्या रंगवत होता. पांढरे घोडे, लाल सिंह, मुकुट, नांगर, मालक मागेल ते. शिड्या सुटल्या आणि तो घरी बसला तेव्हा मी मनात म्हटलं, नेस्टाबाई, संपलं, आता हा दिवसभर पायात पायात येणार. पण तसं काही झालं नाही. त्याने माळ्यावरून शाई काढली, कागद काढला, आणि ज्यांना पाट्यांवर कधी जागा मिळाली नव्हती अशी सगळी भुतावळ काढायला बसला.

ही भुतावळ लागायची रविवारच्या खेळाला. जेवणाची भांडी आवरली की टेबलावर चौकटींचा मोठा कागद अंथरायचा. त्या चौकटी म्हणजे जंगल, भुयार, गाव, लायनेल सांगेल ते. तो गोष्ट सांगणार आणि आम्ही तिघं त्या गोष्टीतले शूरवीर. समोर राक्षस आला की फासे टाकायचे, आणि कोण मरतं, कोण वाचतं ते फासे ठरवणार. शेजारचा डेस्मंड, ज्याने उभा जन्म बस चालवली आणि जो कालव्यावरच्या हंसांना भिऊन वाट बदलतो, तो आमच्यातला महापराक्रमी तलवारबहाद्दर. त्याची मुलगी ब्रायनी जनावरांच्या दवाखान्यात नर्स आहे, ती जादूगार. आणि मी चोर. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही. आयुष्यात दुसऱ्याची सुईसुद्धा न उचललेल्या मला कुलपं फोडताना जो आनंद होतो तो काय सांगू.

लायनेल प्रत्येकाची दोन चित्रं काढी, एक पुढून आणि एक पाठीकडून. मी ती संगणकात घालून जाड कागदावर छापी, कापी, मधोमध दुमडून चिकटवी, आणि राक्षस आपल्या पायांवर उभा राही. हे आमचे मोहरे. कुणी मेलं की त्याचा मोहरा आडवा करायचा, आणि खेळ संपला की सगळ्यांना परत उभं करून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचं. लायनेलने नियमपुस्तिका लिहिली होती, तिच्यात ते होतंच: 'मेलेला मोहरा फेकू नये. पुढच्या रविवारी त्याचं काम पडतं.' डेस्मंडने ती पुस्तिका आजतागायत उघडलेली नाही. "नियमच पाळायचे असते तर चर्चला नसतो गेलो?" असं त्याचं म्हणणं.

छापण्यात एकच गोम असते. संगणक विचारतो, मूळ आकारात छापू की पानात बसवू? पानात बसवलं की सगळं किंचित लहान होतं, आणि ते मेलं यंत्र दर वेळी आपणहून 'पानात बसवा' धरून बसतं. ते बदलायला विसरणं ही माझी जुनी खोड.

त्या हिवाळ्यात लायनेलचं हृदय थकलं. हॅलिफॅक्सच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जपा, खाऊ घाला, बघू. 'बघू' हा शब्द मला त्या दिवसापासून नकोसा झाला. त्याचे गाल बसले, कॉलर मानेभोवती फिरायला लागली, आणि त्याच्या बशीत उरलेलं कोंबड्यांना टाकताना मी रोज एकच मागणं मागायची, की हा मला हवा आहे, अजून पुष्कळ दिवस हवा आहे. त्याला विचाराल तर स्वारी मजेत होती. त्याच सुमारास गोष्टीतल्या गावाला खानावळ लागली आणि खानावळीला मालक, म्हणून त्याने चक्क स्वतःलाच काढलं: टक्कल, कपाळावर सरकवलेला चष्मा, हातात किटली, आणि पाठीच्या बाजूला एप्रनची वाकडी गाठ, जशी तो खरंच बांधतो.

"पोट बरं काढलंस रे एवढं!" मी म्हटलं.

"खानावळवालाच हडकुळा असला तर गिऱ्हाईक फिरकेल का?"

मी तो छापला, कापला, उभा केला. रविवारी टेबलाशी बसता बसता ब्रायनीने नाक मुरडलं.

"नेस्टामावशी, परत पानात बसवलंस ना? बघ, सगळे चौकटीत सैल पडलेत."

"राहू दे गं. या गावात सगळी बुटकीच माणसं राहतात असं समज."

सोमवारी सकाळी लायनेलची पँट टाचेखाली आली आणि जिना उतरताना तो पडता पडता वाचला. ती पँट मीच त्याच्या मापाने आखूड करून दिलेली. कमरेत सैल झाली असती तर मला नवल वाटलं नसतं; आजारात माणूस रोडावतो. पण बुटका होत नाही. मी दुमड घालायला सुईत दोरा ओवला आणि काल ब्रायनी म्हणाली ते आठवलं, सगळे चौकटीत सैल पडलेत. मग उठले, एकटा खानावळवाला पुन्हा छापला, मूळ आकारात, आणि पहिल्याच्या जागी डब्यात उभा केला. पहिला फाडायला हात धजेना, तो शिवणाच्या पेटीत ठेवला. दुपारी लायनेल कोंबड्यांना दाणे टाकायला गेला तेव्हा त्याची पँट बुटावर जिथे असायला हवी तिथे होती.

यावर शहाणी बाई गप्प बसली असती. मी आकाराच्या रकान्यात शंभर टक्क्यांच्या पुढे थोडंसं वाढवलं आणि खानावळवाला आणखी एकदा छापला. अगदी थोडं, पाहुणे आले की चहाच्या किटलीत जास्तीची चिमूट टाकतो ना, तेवढंच.

त्या आठवड्यात त्याने बटाटे दुसऱ्यांदा मागून घेतले. गाल भरत गेले, हाताची थरथर थांबली, थंडी सरली तसे त्याने मागच्या बागेत वाटाण्याचे वाफेही खणले. डॉक्टरीणबाईंनी आपले कागद उलटेपालटे करून पाहिले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "काय खाऊ घालताय हो यांना?" मी म्हटलं, "पार्किन, आपला आल्याचा केक. रोज एक तुकडा." सगळ्या पँटांच्या दुमडी मी एकेक करून उसवल्या आणि कुणाला काही बोलले नाही. इतकी सुखात मी लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा नव्हते, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यातला एक रविवार होता, खिडक्या उघड्या होत्या, आणि डेस्मंडचा तलवारबहाद्दर खानावळीत बिअरवरून भांडायला उठला.

"पाणी घातलंय हिच्यात!" डेस्मंड गरजला. "काढली तलवार!"

"बाबा, खानावळवाल्याला कुणी मारतं का?" ब्रायनी म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस. फासे काय ते ठरवतील."

फासे पडायचे तसेच पडले. लायनेल पोट धरून हसत होता, "मेलो रे, मेलो!" म्हणत होता, आणि डेस्मंडने टिचकी मारून खानावळवाल्याला आडवा केला. हसणं मधेच थांबलं. लायनेल खुर्चीवरून उठला, खुर्ची नीट मागे सरकवली, आणि फरशीवर पाठ टेकून सरळ आडवा झाला. हात अंगालगत, डोळे उघडे.

"नाटक्या," डेस्मंड म्हणाला. "ऊठ, चहा निवतोय."

ब्रायनी खाली वाकली. तिने दोन बोटं त्याच्या गळ्याशी लावली, काढली, पुन्हा लावली. नाडी लागेना. मी टेबलावर झेपावले, कप सांडला, आणि मोहरा उचलून उभा केला.

"हे काय?" लायनेल म्हणाला. "मी खाली काय करतोय?"

"चक्कर आली असेल तुला," डेस्मंड म्हणाला. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. ब्रायनीने माझ्याकडे पाहिलं, मग त्या मोहऱ्याकडे, आणि सांडलेल्या चहापासून आपला जादूगार दोन्ही हातांनी हळूच लांब सरकवला.

चहा पुसून झाला आणि ती दोघं घरी गेली तेव्हा मी नियमपुस्तिका लायनेलच्या पुढ्यात ठेवली. "यात लिही. खानावळवाल्याला मारू नये."

"का बरं?"

"मग पुढच्या रविवारी सूप कोण देणार?"

त्याला ते इतकं आवडलं की त्याने लाल शाई घेतली.

आता लायनेलच्या मनात एक सल होता, तो मला ठाऊक होता. त्याच्या पाट्या उन्हापावसात उभ्या राहिलेल्या. रंग उडाले, पब बंद पडले, नवे मालक आले आणि त्यांनी प्लास्टिक लावलं. आपल्या हातचं काही मागे उरणार नाही, हे तो हसत हसत बोलायचा पण हसण्यासारखं त्यात काही नसायचं. म्हणून जूनमधल्या एका रविवारी, चहाच्या वेळी, शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा चेहरा करून त्याने आम्हाला सांगितलं, की त्याने सगळे मोहरे इंटरनेटवर ठेवून दिलेत. फुकट. ज्याला हवे त्याने छापावेत. ठेवून आठवडासुद्धा झाला नव्हता आणि नॉर्वेतल्या बर्गनपासून जर्मनीतल्या ड्रेस्डेनपर्यंत लोकांनी ते उतरवून घेतले होते.

मी चहाची किटली खाली ठेवली. "सगळे?"

"सगळे. ड्रॅगन, दलदलीतली म्हातारी, खानावळवाला. लोकांना तोच जास्त आवडलाय, ऐकतेस का?"

बाण सुटला होता. आता त्याला काय सांगायचं आणि सांगून उपयोग काय? परत घे म्हटलं तरी ज्यांनी घेतले ते घेतलेच, आणि त्याचा तो आनंद पाहून माझ्याने तेही म्हणवेना.

"नियमपुस्तिका ठेवलीस ना बरोबर?" मी विचारलं.

"ठेवली की."

"लोक वाचतील ना रे ती?"

डेस्मंडला इतकं हसू आलं की त्याच्या तोंडातला केक टेबलावर उडाला. "नेस्टा, अगं नियम वाचतं कोण?"

पुढे एकदा लायनेलचं डोकं स्वयंपाकघराच्या तुळईला आपटलं. चाळीस वर्षं तो तिच्याखालून न वाकता ये-जा करत आला होता. "घर खचलं वाटतं," तो टेंगूळ चोळत म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी पुन्हा सरळ चालत तिच्याखालून गेला. एकदा सबंध दिवस त्याची पँट टाचेखाली होती. मी दुमड घातली नाही; कुठेतरी कुणीतरी 'पानात बसवा' बदलायला विसरलं असणार.

आणि मग तो आडवा व्हायला लागला. पहिल्यांदा कोंबड्यांच्या खुराड्याशी, मग एकदा पोस्टाच्या दारात, दिवसाढवळ्या. खांद्यावरची पिशवी काढतो, बाजूला ठेवतो, आणि सरळ पाठीवर. मी पहिल्यांदा धावत घरात जाऊन डबा उघडला. आमचा खानावळवाला डब्यात उभाच होता, हातात किटली घेऊन. परत येते तो लायनेल गवत झटकत उठत होता, ताजातवाना, आणि मला विचारत होता की अशी धापा का टाकतेस.

गेल्या आठवड्यात त्याला बर्गनहून एका मुलीचा निरोप आला. त्याने तो आम्हाला दोनदा वाचून दाखवला. "तुमचा खानावळवाला आमचा सगळ्यात लाडका आहे. त्याच्या तळघरात खजिना आहे असं आम्ही ठरवलंय, म्हणून आम्ही दर वेळी त्याला मारतो. मग परत उभा करतो, कारण सूप त्याच्याकडेच असतं."

"ऐकलंस?" लायनेल म्हणाला. "माझ्या पाट्यांना असं कुणी म्हणालं नव्हतं गं."

"तिला उत्तर लिही," मी म्हटलं. "लिही, की उभा करायला विसरत जाऊ नकोस."

त्याने लिहिलं, आणि खाली पळीचं चित्रही काढलं. लेकरू गुणी दिसतंय. गेला आठवडाभर लायनेल आडवा झाला की मी हातातलं काम टाकत नाही, खुर्ची ओढून शेजारी बसते, आणि माझ्या विणकामाची एक ओळ पुरी होते न होते तोच तो उठून विचारतो, चहा झाला का. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. मी तर म्हणेन, बरं चाललंय आमचं. हिवाळ्यात जे हातातून जात होतं ते माझ्यासमोर बसून बटाटे खातंय, आणखी काय हवं?

आज तो वाटाणे तोडायला गेला होता. टोपली भरली होती, ती त्याने नीट सावलीत ठेवली आणि वाफ्यांच्या मधल्या वाटेवर आडवा झाला. ऊन छान आहे. मी खुर्ची आणली, टोपली मांडीवर घेतली आणि शेंगा सोलत बसले. वाटाणे गोड आहेत यंदा. सोलून झाले, टरफलं कोंबड्यांना टाकली, चहा केला, दोन कप बाहेर आणले. माझा पिऊन झाला. त्याच्या चहावर साय धरली आहे.

तिकडे बर्गनला जेवायची वेळ झाली असेल. आईने हाक मारली असेल, आणि पोरं खेळ तसाच टाकून उठली असतील. जेवून येतीलच.