रद्द न होणारं तिकीट

लग्नाच्या आदल्या रात्री हळदीला शिजणाऱ्या मटणाच्या टोपावर नंदकिशोरसारखं उभं राहणं अख्ख्या बोनकोडे गावात कोणाला जमत नसे. दोन हजार माणूस जेवो की तीन हजार, शेवटच्या पंगतीला नुसता रस्सा आला, असं त्याच्या हातून एकदाही झालं नव्हतं. त्यामुळे भाऊकीत, सोयऱ्यांत, पार जासईच्या मावशीच्या दिराकडे जरी मांडव उभा राहिला, तरी पहिला फोन नंदूला यायचा. नंदू हातातलं काम टाकून, गळ्यात टॉवेल अडकवून निघायचा. बायकोने काय ठरवलंय, हे विचारायची पद्धत तेव्हा नव्हती आणि आजही नाही.

बायको जमुना. महापालिकेच्या शाळेत एकोणतीस वर्षं तिने भूगोल शिकवला. आल्प्स कुठे, हिमालय कुठे, बर्फाची रेषा म्हणजे काय, सगळं नकाशावर छडी ठेवून सांगितलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाली. बर्फ म्हणाल तर तिने तो कोळंबीच्या पेटीतच पाहिला होता.

बेत झाले नव्हते असं नाही. तीनदा झाले. काश्मीरच्या वेळी चुलत पुतण्याची हळद आली. केरळच्या वेळी गावची जत्रा आली. दार्जिलिंगच्या वेळी तर बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या आणि पनवेलच्या साडूच्या भाच्याचं लग्न आठ दिवस अलीकडे सरकलं. तिन्ही वेळा नंदकिशोर रेल्वेची तिकिटं रद्द करून आला तो विजयी चेहऱ्यानेच. "फक्त एकशेवीस कापले बघ! बाकी सगळे परत!" एकशेवीस रुपयांत हिमालय चुकवल्याचा एवढा आनंद जगात दुसऱ्या कोणाला झाला नसेल.

जमुनाला हसू येत नव्हतं. पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट तिला पक्की कळली. तिचं वैर हळदीशी नव्हतंच. जे रद्द होऊ शकतं ते हा माणूस रद्द करणार, हे ठरलेलं. मग ते रद्दच होता कामा नये.

मुलगा ऋषी नोकरीसाठी म्युनिकला होता. त्याने दोघांची विमानाची तिकिटं पाठवली, वीस एप्रिल ते वीस मे. बापाला ओळखून असल्यामुळे तारीख बदलता येणारीच घेतली. महिनाभर मुलाकडे राहायचं, त्याला भाकऱ्या करून घालायच्या, हे ओघाने आलंच. पण त्यातले चार दिवस जमुनाने स्वतःसाठी काढून ठेवले. बारा मेला म्युनिकहून रेल्वेने व्हेनिस. आल्प्स ओलांडून जाणारी गाडी, साडेसहा तासांचा प्रवास, खिडकीपाशी ती आणि नंदकिशोर. मुलगा नाही, भाऊकी नाही, टोप नाही. एवढंच तिला हवं होतं, आणि इतकं मनापासून हवं होतं की ते बोलून दाखवायचीही तिला भीती वाटे.

"आई, तिथली तिकिटं सहा महिने आधी सुटतात," ऋषीने सांगितलं. "पहिली थोडी अगदी स्वस्त. मग भाव चढत जातो."

ही भाषा मात्र नंदकिशोरला लगेच समजली. नोव्हेंबरातल्या त्या सकाळी तो अंघोळ करून, देवाला दिवा लावून, तत्काळच्या तयारीने बसला. दोन फोन चार्ज केलेले. ओटीपीवाला फोन डाव्या हातात. पासपोर्टवरची नावं आधीच कागदावर मोठ्या अक्षरांत.

"वेटिंग किती दाखवतंय?" त्याने विचारलं.

"तिथे वेटिंग नसतं," जमुना म्हणाली.

"मंग कन्फर्म कवा होनार?"

"घेतलं की कन्फर्म."

नंदकिशोरचा जरा विरसच झाला. लढाईला निघावं आणि समोर कोणी नसावं, तसं त्याचं झालं. तेवढ्यात स्क्रीनवर दोन भाव आले. एक एकोणचाळीस युरो, दुसरा एकशे एकोणतीस.

"यानी फरक काय?"

"महाग आहे ते कॅन्सल होतं. स्वस्त आहे ते होत नाही."

"म्हंजे किती कापतात?"

"सगळे. दमडी परत नाही. ठरलेल्या गाडीचं, नावावरचं तिकीट. बसा नाहीतर सोडा."

नंदकिशोरने फोन खाली ठेवला. असलं तिकीट त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने ज्याला मागचं दार नाही ते तिकीटच नव्हे. "नको गो. महागाचंच घेव."

जमुना याच वाक्याची वाट बघत होती. रात्रभर तिने उत्तर घोटून ठेवलं होतं. "घ्या की," ती शांतपणे म्हणाली. "माणशी नव्वद युरो जास्त. दोघांचे झाले अठरा हजार. कॅन्सल करायची नुसती हौस म्हणून अठरा हजार! घ्या, घ्या. कोणाची हळदबिळद आलीच तर?"

"कोनाची येते हलद? निकेशचं तं डिसेंबरला ठरलंय!" नंदकिशोर उसळला. निकेश म्हणजे त्याच्या थोरल्या भावाचा, पंढरीचा मुलगा. त्याचं लग्न यंदाच्या डिसेंबरात नव्हे, पुढच्या डिसेंबरात, हे जमुनाने जावेकडून दोनदा विचारून घेतलं होतं. पंचांगही पाहिलं होतं. सतरा मेपासून अधिक महिना. अधिकात कोण लग्न काढतंय! म्हणून तर बारा तारीख तिला निर्धास्त वाटली.

नंदकिशोरने देवाचं नाव घेतलं आणि स्वस्ताचं बटण दाबलं. मग दोन दिवस गावभर सांगत फिरला की एकशे एकोणतीसचं तिकीट आपण एकोणचाळीसमध्ये मारलं. जमुनाने त्या दोन तिकिटांच्या प्रती काढून कपाटात साडीखाली ठेवल्या. रोज एकदा बघायची. अशी बाई वेडी म्हणायची, पण तीस वर्षं थांबलेल्या बाईला एवढं वेड माफ असावं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी पंढरी पेढ्यांचा पुडा घेऊन आला. बरोबर विमलबाई, जमुनाची थोरली जाऊ. पेढे बघताच जमुना समजली, कोणाची तरी तारीख निघाली.

"पोरीच्या आजीचा काय भरवसा नाय," पंढरी म्हणाला. "त्यांचं म्हननं, डिसेंबरपरत थांबाया नको. अधिक लागाच्या आत उरकून टाकू. चवदा मे धरली. तेरा तारखेला हलद."

अधिकात लग्न नसतं, हे जमुनाने पाहिलं होतं. म्हणूनच अधिकाच्या तोंडावर सगळा गाव घाईने बोहल्यावर चढतो, हे मात्र भूगोलाच्या बाईंच्या डोक्यात आलं नव्हतं. पंचांग एवढं बारकाईने बघून त्यातलं नेमकं तेवढंच सुटावं!

"दादा, आम्ही तेव्हा इथे नाही," ती म्हणाली. "वीस मेला येतो."

"आवो, मालूम हाय ना! पन नंद्या नाय तं मटनावर कोन उभा र्‍हानार? अडीच हजार मानूस हाय. आन् सख्खा काका नाय म्हनल्यावर लोकं काय बोलतील?"

जमुनाने नवऱ्याकडे पाहिलं. तो पेढा चघळत होता. डोळ्यांत चमक आली होती, मनातल्या मनात टोप मोजायला त्याने सुरुवातही केली होती. पण तिला तितकी काळजी वाटली नाही. तिच्याकडे किल्ला होता.

"विमानाची तारीख बदलता येईल," ती म्हणाली, "पण रेल्वेची तिकिटं रद्द होत नाहीत. एक पैसा परत मिळत नाही. दोन्ही फुकट जातील."

हे ऐकून नंदकिशोर कळवळेल, दोन्ही हात जोडून दादाला नाही म्हणेल, अशी तिची खात्री होती. एकशेवीस रुपये कापले तर तीन दिवस हिशेब सांगणारा माणूस तो!

नंदकिशोरने पेढा गिळला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "जाव दे गो. स्वस्तातली तं हायेत. महागाची घेतली असती तं जीवाला लागलं असतं. बरं झालं, तू तवा आडवी आलीस!"

जमुनाला रडू आलं नाही, राग आला. नवऱ्याचा आला आणि स्वतःचा त्याहून जास्त आला. ज्या स्वस्ताईने त्याला बांधून घालायचं, तिनेच त्याला सोडवलं होतं. तिच्या तीस वर्षांची किंमत एकोणचाळीस युरो निघाली, आणि ती तिनेच घासाघीस करून खाली आणली होती.

पंढरी दिलदार गडी. त्याने खिशात हात घातला. "तुमाला खोट कशाला? दोन्ही तिकिटांचे सांग, किती झाले?"

"आठ हजार," नंदकिशोर म्हणाला.

"एवढंच? एवढ्यात तं आताशा अर्धा बोकड पन येत नाय!" पंढरी हसला आणि पाचशेच्या सोळा नोटा त्याने टीपॉयवर मांडल्या.

जमुनाने नोटा उचलल्या. सगळ्यांना वाटलं, मिटलं. विमलबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. जमुनाने त्यातल्या आठ नोटा वेगळ्या काढून पंढरीच्या हातात परत ठेवल्या आणि उरलेल्या आठ नवऱ्यापुढे धरल्या.

"घ्या. हे तुमच्या तिकिटाचे. एक पैसा न कापता सगळे परत. असं याआधी कधी झालं नव्हतं, नाही?"

"आन् तुझ्या तिकिटाचे?" नंदकिशोर नोटा घेत म्हणाला. त्याला अजून कळलं नव्हतं.

"माझं कुठे रद्द झालंय?"

"येडी झालीस काय? एकटी जाशील? परमुलखात? लोकं इचारतील काकू कुठंय, तं काय सांगू?"

"तुम्ही हळदीला असा म्हणजे झालं. मटण वाटताना काकूला कोण विचारतंय?"

पंढरीने बायकोकडे पाहिलं. धाकट्या जावेला समजाव, असा त्याचा डोळा होता. विमलबाई पदराशी चाळा करत बसल्या होत्या. चाळीस वर्षं त्याही याच मांडवांतून वावरल्या होत्या, आणि अलिबागच्या पलीकडे त्यांनीही काही पाहिलं नव्हतं.

"जा गो बाय," त्या हळूच म्हणाल्या. "हलद काय, परत्येक साली येते."

पंढरी बघतच राहिला. नंदकिशोरच्या हातात चार हजार रुपये होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं. त्याचा चेहरा बघून जमुनाला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला! खिडकीपाशी तोच बसायला हवा होता. पण वाईट वाटूनही ती उठली आणि सगळ्यांदेखत तिने ऋषीला फोन लावला.

"ऋषी, विमानाची तारीख बदल. फक्त बाबांची. ते अकरा मेला परत येतील."

पलीकडून ऋषी काळजीने म्हणाला, "आई, आणि तू व्हेनिसला एकटी जाणार?"

"काय करणार रे," जमुना नवऱ्याकडे बघत म्हणाली. "तिकीट रद्दच होत नाही. नाइलाज आहे."