माझ्या पोटातल्या पाच बाटल्या

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. उंचीने तुमच्या खांद्याएवढा, रंगाने एकेकाळी पांढरा. मी सुरू झालो की शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटतं, इथे कुणीतरी घोरत पडलंय.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून आगगाडीने आणि मग ट्रकने मी डोंगरातल्या नारिन गावात आलो. पहिली बारा वर्षं मी मेंढ्यांच्या दवाखान्यात काढली. कोकरांच्या लशी माझ्यात असत. प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख. पुढे दवाखाना बंद पडला. लोकांनी खुर्च्या नेल्या, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा नेल्या. मी जड, म्हणून मला कुणी हात लावीना.

मग एक दिवस उलकान एजे आल्या. एजे म्हणजे ताई. साठी उलटली तरी सगळं गाव त्यांना एजेच म्हणतं. त्या कुस्तीच्या आखाड्यातल्या डॉक्टर. त्यांनी मला दोन थापा मारल्या, कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, “चालतोय बिचारा.” चार पैलवानांनी मला खांद्यावर घेऊन नदीचा पूल ओलांडला. नवरदेवालासुद्धा मिळत नसेल एवढा मान मला त्या दिवशी मिळाला!

तेव्हापासून मी एजेंच्या खोलीत आहे. माझ्या वरच्या कप्प्यात बर्फ, मधल्या कप्प्यात औषधं आणि खाली एजेंची घोडीच्या आंबवलेल्या दुधाची बाटली. ते दूधही औषधच, असं त्यांचं म्हणणं. माझ्या दारावर त्यांनी कागद चिकटवला होता, ‘मला विचारल्याशिवाय आत काही ठेवू नये.’

आता तुम्हाला कनिशायबद्दल सांगतो. ही मेंढपाळाची मुलगी, वय एकोणीस, सत्तावन्न किलो वजनगटातली कुस्तीगीर. बोलायला फटकळ आणि पकड अशी की सुटता सुटत नाही. देशाच्या संघाची निवड सहा आठवड्यांवर आली होती. एका सकाळी सरावात तिने जोडीदारणीला उचललं आणि उजव्या मांडीच्या मागे काहीतरी तुटल्यासारखं झालं. ती लंगडत आमच्या खोलीत आली.

एजेंनी मांडी दाबून पाहिली. “स्नायू फाटलाय. पूर्ण नाही, अर्धवट. आठ-दहा आठवडे लागतील.”

“एजे, निवड सहा आठवड्यांवर आहे!”

“ते मला सांगू नकोस, मांडीला सांग.”

कनिशायने उशीवर बुक्की मारली. एजेंनी माझ्यातला बर्फ काढून तिच्या मांडीवर बांधला.

दोन दिवसांनी एजे जेवायला गेल्या असताना तिचा धाकटा मामा आला. मामाला इकडे तायके म्हणतात. या साम्साक तायकेच्या मिशा मोठ्या आणि गप्पा त्याहून मोठ्या. घोड्यावर बसून बोकड पळवण्याच्या खेळातला तो नावाजलेला गडी. त्याने कोटातून पाच छोट्या बाटल्या काढल्या आणि माझ्या खालच्या कप्प्यात दुधामागे लपवल्या.

“हे काय, तायके?”

“पेप्टाइड! म्हणजे ग्रोथ फॅक्टर. हे स्नायूला हुकूम सोडतं, वाढ, जोडून घे! दोन आठवड्यांत तू कोकरासारखी उड्या मारशील.”

“कुणी दिलं तुला?”

“बाजारात एक ओळखीचा आहे. भला माणूस. अगं, मी स्वतः परवा खांद्याला टोचून घेतलं. बघ हात कसा फिरतोय!” त्याने हात गरागरा फिरवला. फिरवताना त्याचा चेहरा जरा वाकडा झाला. कनिशायने ते पाहिलं नाही, मी पाहिलं.

मित्रांनो, मला फार लाज वाटली. त्या बाटल्यांवर तारीख नव्हती, चिठ्ठ्या तिरक्या चिकटवलेल्या, आणि एकच नाव दोन बाटल्यांवर दोन तऱ्हांनी लिहिलेलं. पण फ्रीजचं काम गार ठेवण्याचं. मी विचारणार कुणाला?

पुढचे तीन दिवस कनिशाय मधूनच माझं दार उघडायची, आत पाहायची आणि बंद करायची. चौथ्या दिवशी तिने एक बाटली काढली आणि बाकावर बसून राहिली. तेवढ्यात एजे दूध प्यायला आल्या. तिला बाटली लपवता आली असती. शेजारीच टॉवेल होता. तिने ती लपवली नाही.

“एजे, रागवायचं तर रागवा, पण आधी खरं सांगा. हे काम करतं का?”

एजेंनी चष्मा लावला, बाटली उजेडात धरली आणि तिच्या शेजारी बसल्या.

“हे नाव खोटं नाही, पोरी. स्नायू फाटला की शरीर स्वतःच असे पदार्थ तयार करतं. ते झोपलेल्या पेशींना उठवतात, चला, कामाला लागा म्हणतात. तुझ्या मांडीत आत्ता तेच चाललंय. पण या बाटलीत तेच आहे की पिठीसाखर, मला माहीत नाही. विकणाऱ्यालाही माहीत नसणार. आणि खरंच तेच असेल, तर कुस्तीत त्याला बंदी आहे. तपासणीत सापडलीस तर चार वर्षं बाहेर.”

“आणि नाही सापडले तर?”

“तर तू जिंकून येशील, सगळं गाव तुझ्या घरी जेवायला येईल. मी येणार नाही. एवढंच.”

कनिशाय उठली, उरलेल्या चार बाटल्याही काढल्या आणि पाचही एजेंच्या मांडीवर ठेवल्या. “घ्या. पण मग मला नीट उभं करा.” एवढं बोलून ती हमसून हमसून रडली. निवड हातची गेली हे तिला कळलं होतं.

दुसऱ्याच दिवशी साम्साक आला, हात छातीशी धरून, अंगात ताप. खांदा पावासारखा फुगला होता.

“घोड्यावरून पडलो,” तो म्हणाला.

“घोड्याने सुई टोचली वाटतं?” एजेंनी विचारलं.

आत पू झाला होता. एजेंनी जागा बधिर केली, पण त्यांनी हत्यार हातात घेताच तो पलंगावरून उतरायला लागला. कनिशाय दुखरी मांडी सांभाळत त्याच्या पायांवर आडवी पडली. “हलू नकोस तायके, माझ्या पकडीत आहेस!”

“अगं, मामा आहे मी तुझा!”

“म्हणूनच हळू धरलंय!”

एजेंनी जखम मोकळी केली, पट्टी बांधली आणि त्याला इस्पितळात धाडलं. पट्टी बांधताना बोकडपळवा गडी असा काही ओरडला की सरावातल्या मुली धावत आल्या. मांडी दुखावल्यापासून कनिशाय पहिल्यांदा खळखळून हसली. त्या पाच बाटल्या एजेंनी पिशवीत बंद करून आरोग्य खात्याच्या माणसाकडे दिल्या. माझं पोट हलकं झालं.

मग खरं काम सुरू झालं. आधी नुसतं चालणं. मग टाचेखाली टॉवेल घेऊन पाय हळूहळू सरकवणं. मग कंबर उचलणं. रोज मटणाचा रस्सा आणि नऊ तास झोप. कनिशाय कंटाळायची, एजेंशी भांडायची आणि दुसऱ्या सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असायची. निवडीच्या दिवशी ती माझ्यासमोर जमिनीवर बसून फोनवर निकाल ऐकत होती. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. तिचे डोळे भरून आले. मी जरा जोरात गुरगुरलो. दुसरं मला काय येतं?

पुढच्या वसंतात ती निवडीला गेली. पाच कुस्त्या खेळली, पाचही जिंकली. परत आली ती सुजलेला कान आणि मोठा आवाज घेऊन.

“एजे, कुस्त्या सोप्या होत्या! नंतर लघवीच्या तपासणीला बसवलं ना, तिथे खरा घाम फुटला. तीन बाटल्या पाणी प्यायले तरी होईना. दोन तास! ती तपासणीवाली बाई समोर ठाण मांडून.”

“घाबरलीस?” एजेंनी विचारलं.

“कशाला घाबरू? हसू येत होतं. त्या बाईलाही शेवटी हसू आलं.”

त्या संध्याकाळी गाव तिच्या घरी जेवायला गेलं. एजे सर्वांच्या आधी पोचल्या. साम्साक तर आता लग्नाकार्यात खांद्यावरचा व्रण उघडा करून दाखवतो आणि तरुण घोडेस्वारांना दम भरतो, “बाजारातली सुई घ्याल तर मी धरीन आणि एजे कापतील!”

मित्रांनो, तुमचं शरीर दुखावलं तर घाई करू नका. जाणत्या माणसाला विचारा, आणि अनोळखी बाटलीतलं काही अंगात घालू नका. शरीर दुरुस्तीच्या कामाला लागलेलं असतं, त्याला खायला द्या, झोप द्या, दिवस द्या.

आणि थोडं माझ्याबद्दल. खोलीत आता नवा फ्रीज आलाय, चकचकीत आणि मुका. मी बाहेर बोळात असतो, माझ्यात पाण्याच्या बाटल्या असतात. महिनोन्महिने माझ्याकडे कुणी पाहत नाही. परवा मात्र कनिशायने मला भिंतीपासून ओढलं आणि माझ्या मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने झाडली.

“एजे, हा अजून दहा वर्षं चालेल.”

“त्याला विचारून घे,” एजे म्हणाल्या.

मला विचाराल तर मी तयार आहे. फक्त वर्षातून दोनदा जाळी झाडा, आणि पाणी घेतलं की दार लावा.