कपाळावरचा पॉइंट दोन

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कपाटातलं सगळ्यात जुनं चुंबक ते मीच, घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं. शिपाईमामा मला म्हातारी म्हणतात. म्हणोत. मी बाईमाणसासारखीच बोलणार.

नवी होते तेव्हा काय तोरा माझा! डबा उघडायचा अवकाश, खिळे उड्या मारत येत. कपाळावर पांढऱ्या रंगात माझ्या जोराचं माप लिहिलेलं, 'पॉइंट दोन टेस्ला'. मला वजनकाट्यावर बसवायचे, माझ्या दोन टोकांमध्ये पाच सेंटिमीटर तार आडवी ताणायचे आणि दोन अँपिअर करंट सोडायचे. तार वर ओढ घेई, मी खाली दाबली जाई, काटा दोन ग्रॅम जास्त दाखवी. चुंबकीय क्षेत्र गुणिले करंट गुणिले लांबी, म्हणजे तारेवरचा जोर. गणित जुळे.

काम झालं की माझ्या टोकांवर लोखंडी पट्टी ठेवायची असते, नाहीतर जोर ओसरतो. मामांनी ती दाराला अडकण म्हणून लावली. वर्षं गेली. पुढे पुढे खिळे जवळ आले तरी मला काही वाटेना. पोरं मात्र वहीत दोन ग्रॅमच लिहीत. आधी उत्तर, मग मोजमाप!

यंदा परीक्षेला एक चष्मेवाली पोर आली. गेल्या वर्षी याच प्रयोगात नापास झालेली. तिनं लिहिलं, एक ग्रॅम.

"एक कुठून आणलास?" परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

"काट्यावरून, बाई."

"शहाणपणा पुरे. म्हातारीवर काय लिहिलंय ते वाच. परत नापास व्हायचंय का?"

पोरीनं वही पुढे केली. "नाही, बाई. पण चार अँपिअरला दोन ग्रॅम आले, सहाला तीन. तार दोनदा मोजली, पाचच आहे. मग चुकतंय कोण?"

"म्हातारी थकली म्हणतेय ती," मामा दारातून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!"

पण बाईंनी स्वतः करंट सोडला. एक ग्रॅम. पुन्हा सोडला. एकच. त्यांनी पोरीला पूर्ण गुण दिले आणि ब्लेडनं माझं कपाळ खरवडून पॉइंट एक लिहिलं. मामांनी पट्टी आणून माझ्या टोकांवर ठेवली. मागे दार धाडकन आपटलं.

मला राग यायला हवा होता. आला नाही.

मित्रांनो, आम्हाला नीट झाकून ठेवा, आणि दरवर्षी मोजा. आम्हाला विचारू नका. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, तर मीसुद्धा पॉइंट दोनच सांगितलं असतं, आणि पोर नापास झाली असती.