बनाबाईचा डबा

शेजारच्या जमीलाचाचीनं टेबलफॅनच्या बटणाच्या फटीत आगकाडी खोचली, तसा पंखा एकदा कण्हला आणि फिरायला लागला.

"हे पाय मयुरी, काडी पडली का फॅन बंद. बटण दबूनच राहत नाई मेल्याचं. पाहुण्यांसमोर कोनी धक्का लावू नोका."

"नाई लावत चाची," मयुरी म्हणाली आणि साडीची निरी पुन्हा सारखी करू लागली. साडी मात्र तिची स्वतःची होती. घरात त्या दिवशी जे स्वतःचं होतं ते सांगणं सोपं होतं, कारण ते फारच थोडं होतं. खुर्च्या शालूबाईंकडून आल्या होत्या, पलंगावरची चादर अंबूबाईंकडून, काचेचे ग्लास जमीलाचाचीकडून. नाश्त्याच्या स्टीलच्या प्लेटा सगळ्या गल्लीतून वेचून आणलेल्या. जनकाबाईंनी त्या एकावर एक ठेवून पाहिल्या, ज्यांची कड जुळली नाही त्या बाजूला काढल्या आणि बाकीच्या राखेनं घासून लखलखीत केल्या.

"एकाच दुकानातल्या वाटतेत का नाई?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"वाटतेत," जानराव म्हणाले. त्यांचं लक्ष प्लेटांकडे नव्हतं. जन्म सेंट्रिंगच्या कामात गेलेला, दुसऱ्यांच्या स्लॅबखाली फळ्या ठोकण्यात. आज सकाळपासून मात्र ते स्वतःच्याच घराला टेकू लावत होते. पोपडे निघालेल्या भिंतीसमोर त्यांनी खुर्ची सरकवली, दारात जाऊन पाहिलं, पोपडे झाकले जातात याची खात्री केली आणि तेव्हा कुठं त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

मयुरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. रोज सकाळच्या एसटीनं ती जानेफळहून मेहकरला जायची आणि दिवे लागायच्या वेळी परत यायची. आज मुलगी पाहायला येणारे बीबी गावचे हे पाहुणे शिकलेले आहेत, पोरीला शिकू देतील, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. वाशिमकडचं दुसरं स्थळ तयार होतंच, पण त्यांना सून उन्हाळ्यातच घरी हवी होती आणि नर्सिंग-बिर्सिंग नको होतं. जानरावांनी काल जेवताना सरळ सांगून टाकलं होतं.

"हे बीबीवाले नाई म्हणाले तं मंग वाशिमवाल्याइले हो म्हणतो. मी किती दिवस लोकाइच्या दारात उभा राहू? म्हणून म्हणतो, आज आपल्या घरात काई कमी दिसाले नोको. आन् तू बोलू नोको. मी बोलतो."

मयुरी ताटातली भाकर मोडत राहिली होती.

पाहुणे दुपारी आले. पांढरी चारचाकी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि पोरंसोरं गोळा झाली. पुढच्या सीटवर मुलाचे मामा होते, संघपालमामा; त्यांना आतून दार कुठून उघडतं ते पटकन सापडेना. त्यांनी काच खाली केली, वर केली, मग मागून भाच्यानं उतरून बाहेरून दार उघडलं. जानरावांनी गाडी पाहिली आणि अंगातला सदरा ओढून सारखा केला. एवढ्या मोठ्या घरचे लोक!

"जयभीम, जयभीम! या जी, बसा."

मुलगा प्रसेनजित लोणारला औषधाच्या दुकानात कामाला होता. त्याला बोलण्यापेक्षा ऐकण्याची सवय असावी. त्याची आई महामायाबाई हातातला लाडवांचा मोठा डबा जनकाबाईंकडे देऊन पलंगाच्या कडेला बसल्या. वडील नव्हते, म्हणून मामा. आणि मामा असे की त्यांच्यामुळं दुसऱ्या कुणाची उणीव भासायची सोय नव्हती. रिटायर्ड ग्रामसेवक! गावोगावच्या सभांमध्ये जेवढं बोलले तेवढ्यानं त्यांचं पोट भरलेलं नव्हतं.

"वावर किती हाय, जानरावजी?" खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांनी विचारलं.

"हाय थोडंसं. ठोक्यानं देल्लं हाय, दुसरा पेरते. औंदा तूर बरी झाली."

दाराआड पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरवणाऱ्या जनकाबाईंचा हात थांबला. वावर होतं खरं, पण ते आता सांगण्यापुरतंच. जानरावांच्या आज्याचं चांगलं मोठं शेत. ते भावाभावांत वाटलं गेलं, पुन्हा त्यांच्या लेकरांत वाटलं गेलं, आणि जानरावांच्या वाट्याला आलेली पट्टी इतकी अरुंद की बैल वळवायचे तर शेजाऱ्याच्या बांधावर पाय द्यावा लागायचा. तीसुद्धा जनकाबाईंच्या ऑपरेशनात गेली. पोटातली गाठ निघाली आणि तिच्याबरोबर शेतही निघालं. त्या बऱ्या झाल्या, पण त्या बांधाकडून जायचं झालं तर अजून मान खाली घालून जातात, जणू आजार त्यांनी हौसेनं आणला होता.

मयुरी पोहे घेऊन आली. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. प्रसेनजितनं फक्त एवढंच विचारलं, "हॉस्पिटलात ड्युटी कोणत्या वॉर्डात असते?"

"सध्या बायकाइच्या."

"आवडते?"

"हो. लय आवडते."

ती इतकं पटकन बोलली की जानराव खाकरले. मामांनी तोवर पोह्यांचा बकाणा भरला होता आणि देशाची काळजीही सुरू केली होती.

"आपल्या देशात गरिबी काऊन हाय सांगा बरं, जानरावजी? एकच कारण. माणसं! जिकडं पाहावं तिकडं माणसंच माणसं. आता येताना पाह्यलं ना, तुमच्या ह्या गल्लीत घराले घर चिकटलेलं. एका खोलीत किती जण राहात असतीन, कोनाले मालूम. खानारी तोंडं जादा, मंग पुरन कसं?"

"खरं हाय जी," जानराव म्हणाले. ते आज सगळ्यालाच खरं हाय म्हणणार होते.

मामांच्या प्लेटमधले पोहे संपत आले तसं तळाशी काहीतरी चमकलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि प्लेट तोंडाजवळ नेली.

"शालूबाई," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "ह्या कोन?"

जानरावांनी आपल्या प्लेटीवर हात ठेवला. भांड्यावर नाव कोरलेलं असतं हे काय कुणाला माहीत नव्हतं? भांडं विकत घेतल्याबरोबर दुकानदार यंत्र घेऊन टरटर नाव घालून देतो. पण जन्मभर रोज पाहिलेली गोष्ट डोळ्यांना दिसायची थांबते. जनकाबाईंनी कडा जुळवल्या, डाग काढले, आणि नावं तर अशी घासली की ती लांबूनही वाचता यावीत.

"आहेरातली हाय," जानराव म्हणाले. "माही बहीण."

"अस्सं." मामांनी भाच्याच्या प्लेटमध्ये डोकावलं. "आन् ह्या अंबूबाई?"

"त्या बी... त्या बी बहीणच."

"आईच्या प्लेटीवर जमीला दिसून राह्यलं, मामा," प्रसेनजित हळूच म्हणाला. तो हसत होता की काय ते मयुरीला कळेना.

मामांनी खोलीभर नजर फिरवली. पलंग, खुर्च्या, दाराला लावलेला पडदा. मग पुढं वाकून, अगदी आपुलकीनं त्यांनी विचारलं, "जानरावजी, खरं सांगा. घरात एकंदर माणसं तरी किती हायेत हो?"

आणि नेमकी तेव्हाच काडी पडली. पंखा दमल्यासारखा फिरत फिरत थांबला. खोलीत एकदम उकडायला लागलं. खिडकीच्या गजांबाहेर मघापासून तोंडावर पदर दाबून उभी असलेली जमीलाचाची मात्र एवढं पाहून गप्प राहणारी बाई नव्हती.

"अगं काडी! काडी खोच ना बेटा, खाली पडली पाय, फॅनच्या मांगं!"

जानरावांनी डोळे मिटून घेतले. मयुरी उठली. तिनं फरशीवरची काडी उचलली, फटीत खोचली, पंखा सुरू झाला. मग ती जाग्यावर जाऊन बसली नाही. तिथंच पंख्याशेजारी उभी राहिली.

"मामा, फॅन चाचीचा हाय," ती म्हणाली. "खुर्च्या शालूबाईच्या हायेत. चादर अंबूबाईची. त्या कोनी आमच्या घरात राहात नाई. आम्ही तिघंच राहतो."

"मयुरी," जानराव म्हणाले.

"राहू द्या बाबा. आन् वावर बी नाई. होतं. आईचं ऑपरेशन झालं तव्हा गेलं. गरिबी काऊन येते ते मले काई सगळं मालूम नाई. आमच्या घरी तं अशी आली. वॉर्डात बाया येतेत त्याइच्या घरी बी बहुतेक अशीच येते. रोजी बुडते म्हणून दुखणं अंगावर काढतेत, आन् मंग घर इकायची पाळी आली का येतेत." तिनं बोटानं काडी अजून आत दाबली. "माह्यं एक वर्ष राह्यलं हाय. ते मले पुरं करायचं हाय. तुम्ही नाई म्हणाले तं माह्यं ते वर्ष जाते, म्हणून बाबांनी हे सगळं मांडलं. त्याइच्यावर राग नोका धरू."

मामांनी रिकामी प्लेट खाली ठेवली. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. प्रसेनजित आईकडे पाहत होता.

महामायाबाई उठल्या. त्यांनी सगळ्यांच्या रिकाम्या प्लेटा एकावर एक रचल्या आणि पडदा सारून आत गेल्या. जानरावांना वाटलं, झालं, संपलं. पाहुणीनं आपल्या हातानं खरकटं उचललं! आता वाशिमला फोन लावायचा तेवढा राहिला.

आत जनकाबाई चुलीशी बसून पदरानं डोळे पुसत होत्या. पाहुणीला पाहून त्या धडपडत उठल्या.

"अव माय, तुमी कायले उचलल्या? ठेवा, ठेवा. आमचं चुकलं बाई. पोरगी बोलून गेली, तिचं मनावर नोका घेऊ."

"बसा तुमी, ताई." महामायाबाई मोरीशी टेकल्या आणि प्लेटांवर पाणी घालू लागल्या. मागोमाग मयुरी आली. तिनं प्लेटा त्यांच्या हातातून घ्यायचा प्रयत्न केला, त्यांनी दिल्या नाहीत.

"मयुरी, लाडवाचा डबा कुठसा ठेवला? रिकामा कर त्याले."

डबा परत मागितला म्हणजे उत्तर मिळालंच की. मयुरीनं फळीवरून डबा काढला, लाडू एका पातेल्यात ओतले आणि डबा पुसायला घेतला. पुसताना झाकण उजेडात आलं. झाकणावर ठळक अक्षरांत नाव घातलेलं होतं: बनाबाई, बीबी.

तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग महामायाबाईंकडे पाहिलं.

"बनाबाई कोन जी? तुमच्या घरातल्या?"

"नाई वं." महामायाबाईंनी शालूबाईची प्लेट उपडी ठेवली. "आमच्या बाजूले राहते. गाडी बी तिच्याच लेकाची हाय. संघपाल म्हणे, एसटीनं गेलो तं कसं दिसन? त्याले दार उघडता येईना, तूनं पाह्यलं असंन."

मयुरीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. जनकाबाई तोंडाला पदर लावून उभ्याच राहिल्या.

"प्रसेनजितचे बाबा गेले तव्हा हा लहान होता," महामायाबाई प्लेट चोळत म्हणाल्या. "बनाबाईनं आमचं घर पाह्यलं. माह्या घरात तिचं नाव नसलेलं भांडं सापडाले टाइम लागते. संघपालले आकडे मालूम हायेत माणसाइचे. माणसं मालूम नाई त्याले." मग त्यांनी ओले हात झटकले. "तुह्ये शेवटच्या वर्षाचे पेपर कधी हायेत?"

"पुढल्या उन्हाळ्यात."

"मंग हा डबा राहू दे इथंच. पेपर झाले का येतो आम्ही न्यायले." त्या जनकाबाईंकडे वळल्या. "पर रिकामा नोका देऊ, ताई. बनाबाई बोलते मंग."

जनकाबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले, ओले तसेच. "एवढे दिवस? बनाबाई काय म्हणतीन?"

"तिचा डबा कुठं हाय ते तिले सांगन ना मी."

जाताना मामा पुन्हा गाडीच्या दाराशी अडले. जमीलाचाचीच्या नवऱ्यानं, जब्बारभाईनं, बाहेरून कडी ओढून दार उघडून दिलं आणि मामा त्याला तीनदा धन्यवाद म्हणाले. प्रसेनजित गाडीत बसण्याआधी थांबून जानरावांच्या पाया पडला. मग मयुरीकडे बघून एवढंच म्हणाला, "बायकाइच्या वॉर्डात काडी सोबत ठेवत जा." आणि स्वतःच लाजला.

ऊन उतरायच्या आत ज्याचं त्याचं सामान ज्याच्या त्याच्या घरी गेलं. शालूबाई डोक्यावर खुर्च्या घेऊन गेल्या. प्लेटा नावं बघून वाटल्या, प्रत्येक प्लेटीवर दोन दोन लाडू ठेवून. पोपड्यांची भिंत पुन्हा उघडी पडली आणि जानराव तिच्याकडे पाहत निवांत भुईवर मांडी घालून बसले. सकाळपासून ते असे बसलेच नव्हते. एवढ्या समाधानानं त्यांनी ती भिंत कधी पाहिली नव्हती.

जमीलाचाची पंखा न्यायला आली. फळीवर एकटाच चमकणारा डबा तिला दिसला.

"हे कोनाचं राह्यलं? देऊन टाकते जाता जाता."

"बनाबाईचं हाय," जनकाबाई म्हणाल्या.

"बनाबाई? कोन बनाबाई?"

जनकाबाईंनी पदराच्या टोकानं झाकण पुसलं आणि नाव समोर येईल असा डबा फिरवून ठेवला.

"आपल्याच गल्लीतली," त्या म्हणाल्या.